एका घागरीमागं सत्तर घागरी

शिवमूर्ती हलबर्गेनं वयाच्या चौपन्नाव्या वर्षी बायकोसाठी चिठ्ठ्या लपवायचं ठरवलं, त्याबद्दल त्याच्या गल्लीनं त्याला अजून माफ केलेलं नाही. माणूस तसा साधा. लातूरच्या एका डाळमिलमध्ये माल पारखायचं काम. मूठभर तूर तळहातावर घेऊन, एक फुंकर मारून, हा माल औशाकडचा की उदगीरकडचा हे तो डोळे झाकून सांगायचा. पण बायकोच्या मनात काय आहे हे सत्तावीस वर्षांत त्याला एकदाही धड ओळखता आलं नव्हतं. आणि आपल्या मनात काय आहे हे तिला सांगायची वेळ आली, की त्याला नेमका खोकला यायचा.

तसं सांगायची वेळही कधी येत नव्हती. ती दुष्काळानं आणली. त्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं. शिवमूर्तीच्या गल्लीनंही टीव्हीवरच बघितलं, कारण गल्लीत यायचा तो टँकर, आणि तोही तेराव्या-चौदाव्या दिवशी. शिवरात्र झाली तशी त्याची बायको शिवगंगा उदगीरला माहेरी, आईकडं गेली. "अव्वाचे गुडघे धरलेत, आन् एका माणसाला पाणी जास्त दिवस पुरतं," असं तिचं म्हणणं. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. शिवमूर्तीनंच तिला बसमध्ये बसवून दिलं. खिडकीपाशी उभं राहून "लवकर ये" म्हणायचं होतं, ते राहिलं, आणि "सुट्टे हायत ना?" एवढंच तोंडातून निघालं.

मग रोज संध्याकाळी सातला तिचा फोन.

"पाणी आलं का?"

"आलं की. भरपूर आलं."

"बरं. ठेवते."

"हाव."

दोन महिन्यांत दोघा नवरा-बायकोत झालेलं एकूण संभाषण ते एवढं. पाणी अर्थातच आलेलं नसायचं. पण तिकडं तिच्या जिवाला घोर नको, म्हणून शिवमूर्ती रोज फोनवर पाणी सोडायचा. त्यानं फोनवर जेवढं पाणी आणलं तेवढं रेल्वेलाही जमलं नसेल. फोन ठेवला की घर एकदम मोठं व्हायचं. दोन खोल्यांचं घर, पण एका खोलीतून दुसरीत जायला त्याला कंटाळा यायचा. भाकरी थापल्याचा आवाज ऐकू यावा म्हणून तो संध्याकाळी शेजारच्या नागाबाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जाऊन उभा राहायचा. "काय पायजे, भाऊ?" असं त्यांनी विचारलं की गडबडून "मीठ" म्हणायचा. दोन महिन्यांत घरात सहा वाट्या मीठ जमलं होतं. माणूस एवढा आठवणीनं सुकला होता, आणि नागाबाईंना वाटत होतं याला मिठाचं काहीतरी दुखणं जडलंय.

तर असं चाललं होतं, आणि उदगीर जिल्हा होणार अशी बातमी आली. ही बातमी तशी नवी नाही, उदगीरची माणसं तिच्यावरच मोठी होतात. पण या वेळी शिवगंगेचा मोठा भाऊ गुरुलिंग, ज्याचं उदगीरच्या मोंढ्यात धान्याचं दुकान, त्यानं ती फारच मनावर घेतली. लातूरचं घर विका, इकडं या, जिल्हा झाला की प्लॉट हाताला लागणार नाहीत, असा त्याचा धोशा सुरू झाला. आणि एका संध्याकाळी "बरं, ठेवते" च्या ऐवजी शिवगंगा म्हणाली, "नऊ तारखेला येऊन राहिले. सकाळच्या गाडीनं. दादाला घराचे कागद पाह्यजेत, ते काढून ठिवा. पाचच्या गाडीनं परत येईन."

नऊ मे हा त्यांच्या लग्नाचा दिवस. ते तिच्या लक्षात होतं की नव्हतं कोण जाणे. ती "परत येईन" म्हणाली ते उदगीरला. म्हणजे येणं आता लातूरला होतं आणि परतणं उदगीरला.  कागद गेले की घर गेलं, आणि घर गेलं की तिच्या मनातून लातूर, म्हणजे लातुरातला जो काही शिवमूर्ती होता तो, गेलाच. सकाळच्या दहापासून संध्याकाळच्या पाचपर्यंत सात तास होते. त्यात काहीतरी करायला हवं होतं.

त्यानं पुण्याला लेकीला फोन लावला. लेक नीलांबिका, म्हणजे नीला, तिकडं संगणकाच्या कंपनीत.

"बाबा, आईला नुसतं 'जाऊ नको' म्हणा की."

"तसं कसं म्हणायचं?"

"तोंडानं."

"ते न्हाई जमायचं."

"मग लिहा," नीला म्हणाली, आणि तिनं ट्रेझर हंटची कल्पना सांगितली. तिच्या ऑफिसातल्या एकानं बायकोसाठी केलं होतं. जागोजागी चिठ्ठ्या लपवायच्या, एका चिठ्ठीत पुढच्या चिठ्ठीचा पत्ता, आणि शेवटी मनातली गोष्ट. तिथं त्या बाईला हिऱ्याचं कानातलं मिळालं होतं. "तुमच्या शेवटच्या चिठ्ठीपाशी तुम्हीच उभे राहा," नीला म्हणाली. शिवमूर्तीला हिऱ्यापेक्षा हे परवडण्यासारखं वाटलं.

पाच चिठ्ठ्या ठरल्या. लिहायला बसला तर कागद कोरा तो कोराच. तेव्हा तो समोरच्या शेषेरावांकडे गेला, आणि इथूनच सगळं बिघडत गेलं. शेषेराव तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. लातूर जिल्हा झाला त्या साली ते नोकरीला नवे होते, आणि नव्या जिल्ह्याची पहिली फाईल आपण बांधली असं त्यांचं म्हणणं. उदगीर जिल्हा होण्याची बातमी कोणी काढली की ते दया आल्यासारखे हसायचे. "जिल्हा म्हंजे काय खेळ हाय? सुतळी कुठून आणणार ते?"

शिवमूर्तीनं सगळी हकीकत सांगितली. फक्त मनातली गोष्ट कोणती, ते सांगितलं नाही. शेषेरावांनी चष्मा चढवला.

"पयल्यांदा विषय टाका. विषयाशिवाय कागदाला किंमत न्हाई."

"बायकोला विषय?"

"बायको असू द्या न्हाईतर कलेक्टर असू द्या."

आणि त्यांनी सुरेख वळणदार अक्षरात पहिली चिठ्ठी लिहून दिली. वर जावक क्रमांक, खाली विषय, त्याखाली "महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून". शिवमूर्तीनं चाचरत विचारलं, जरा मायेचा एखादा शब्द घालता येईल का? शेषेरावांनी बराच विचार केला आणि "विनाविलंब" हा शब्द घातला.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच रंगीत तालीम काढली. कुठल्याही योजनेची आधी पाहणी झाली पाहिजे, या तत्त्वावर शेषेराव स्वतः शिवगंगा झाले आणि डोक्याला उपरणं गुंडाळून भर उन्हात चिठ्ठ्या शोधायला निघाले. पहिल्या जागी चिठ्ठी होती ती उंदरानं नेली. दुसरी एका रसवंतीच्या बाकाखाली होती, ती रसवंती पाण्याअभावी त्याच सकाळी बंद झाली आणि बाक आत गेले. तिसरं ठिकाण गंजगोलाईतल्या अमृतरावांचं बांगड्यांचं दुकान. अमृतरावांना शिवमूर्तीनं पढवून ठेवलं होतं, की शिवगंगा नावानं कोणी आलं तर आधी हातात हिरव्या बांगड्या भरायच्या आणि मग चिठ्ठी द्यायची.

शेषेराव दुकानात शिरले आणि ताठ मानेनं म्हणाले, "मी शिवगंगा."

अमृतराव चाळीस वर्षं बांगड्या भरतात. गिऱ्हाइकाच्या घरगुती गोष्टीत शिरायचं नाही हा त्यांचा नेम. त्यांनी शेषेरावांचा हात मांडीवर घेतला, दाबला, चोळला, आणि शेषेराव समजावून सांगेसांगेपर्यंत दोन बांगड्या भरूनही टाकल्या. उन्हानं सुजलेल्या हातातून त्या परत निघेनात. फोडा म्हटलं तर अमृतरावांनी कानांवर हात ठेवले. "हिरवा चुडा हाय, साहेब. वैशाखात, लग्नसराईत असा फोडत असतेत व्हय? माझ्या हातून व्हायचं न्हाई." शेषेराव लांब बाह्यांचा शर्ट घालून फिरू लागले, आणि सही करताना आवाज येतो म्हणून त्यांनी सहीच बंद केली.

अमृतरावांचं दुकानही गाळलं, आणि पाच चिठ्ठ्यांतल्या अशा रीतीनं दोन उरल्या. एक घराच्या दारावर लावायची, थेट शेवटच्या जागेचा पत्ता घालून शेषेरावांनी नव्यानं लिहिलेली, आणि दुसरी शेवटची.

शेवटच्या चिठ्ठीची जागा मात्र शिवमूर्तीनं स्वतःच्या डोक्यानं काढली होती, आणि तिचा त्याला अभिमान होता. शिवगंगेची माहेरून आलेली तांब्याची घागर होती. गळ्यावर तिचं नाव कोरलेलं. गल्लीत टँकर थांबायचा तो कोपऱ्यावरच्या लिंबाखाली, आणि तिथं माणसाऐवजी भांडं नंबरात उभं राहतं. भांडं ठेवून बाई घरी जाऊन स्वयंपाक करते, आणि तिचा नंबर कोणी खात नाही, हा गल्लीचा कायदा. शिवगंगा होती तोवर ती घागर त्या लिंबाखाली तासन् तास उभी असायची. ती गेल्यापासून शिवमूर्ती प्लास्टिकचे डबे लावायचा, घागर फडताळावर पडून होती. चिठ्ठी त्या घागरीत ठेवायची, घागर लिंबाखाली ठेवायची, आणि आपण शेजारी उभं राहायचं. टँकर यायला अजून दोन-तीन दिवस होते, म्हणजे तिथं त्या दिवशी काळं कुत्रंही फिरकणार नाही. असा त्याचा अंदाज.

त्या चिठ्ठीचा वरचा भाग शेषेरावांचाच होता. खाली मात्र शिवमूर्तीनं आपल्या हातानं चार ओळी घातल्या. त्या लिहायला त्याला पूर्ण एक दुपार लागली.

नऊ तारखेला सकाळी साडेआठला त्यानं घागर घासून लख्ख केली. पाण्याविना, नुसत्या चिंचेनं आणि राखेनं, जुन्या धोतरानं पुसून. ती लिंबाखाली नेऊन ठेवली. दारावर पहिली चिठ्ठी डकवली. आणि लग्नाच्या दिवसाला शोभावं म्हणून दाढी करायला सलूनमध्ये गेला. तिथं पाणी नव्हतं, म्हणून न्हाव्यानं गिऱ्हाइकांना घरून पाणी आणायला सांगितलं होतं. ते शिवमूर्तीला माहीत नव्हतं. कोरडी दाढी करून, गालावर दोन ठिकाणी कापून घेऊन, तो दहाच्या सुमाराला परतला.

लिंबाखाली सत्तर घागरी होत्या.

घागरी, हंडे, कळशा, ऑइलपेंटचे डबे, एक लहान बाळाचा टब. लिंबापासून निघालेली रांग वळसा घालून पार दवाखान्याच्या कंपाउंडपर्यंत गेली होती. सगळ्यात पुढं शिवगंगेची तांब्याची घागर झळकत होती, आणि तिच्याशेजारी पदर खोचून नागाबाई उभ्या होत्या.

"भाऊ, तुमचा पयला नंबर हाय. म्या हलू दिला न्हाई," त्या म्हणाल्या. "लई जणी आल्या घागर सरकवायला. म्हनलं, हात तर लावा."

झालं होतं असं. नऊ वाजता नागाबाईंना लिंबाखाली ती घागर दिसली. आता टँकरचा वार नसताना शहाणा माणूस घागर कशाला लावील? ज्याला आतली बातमी आहे तोच लावील. आणि तीही घासून-पुसून. खात्री करायला त्या शिवमूर्तीच्या दाराशी गेल्या, तर दारावर नोटीस. वर जावक क्रमांक, खाली विषय, आणि शेवटी "टँकरच्या जागी लिंबाखाली ठेवलेल्या आपल्या भांड्याजवळ विनाविलंब उपस्थित राहावे, कसूर करू नये." नागाबाई तिसरीपर्यंत शिकलेल्या. एवढं त्यांना पुरलं. त्यांनी नोटीस काढून गल्लीभर फिरवली. त्यानंतरचं काम गल्लीनं आपलं आपण केलं.

"किती वाजता येनार टँकर?" रांगेतून कोणीतरी ओरडलं.

खरं सांगायची ही शेवटची संधी होती. शिवमूर्तीनं तोंड उघडलं. पण दोन महिन्यांची सवय वाईट. "येईल की," तो म्हणाला. "भरपूर येईल."

रांगेत आनंदाची लाट गेली. आणखी वीस भांडी आली.

शेषेराव आले. कोणीतरी म्हणालं, साहेब, तुमी फोन लावा, तुमची वळख हाय. शेषेरावांनी टँकरच्या ऑफिसला फोन लावला. तिथल्या माणसानं सांगितलं, आज तुमच्या भागात टँकर नाही. शेषेरावांनी फोन ठेवला आणि रांगेकडे गंभीरपणे बघितलं. "त्यांना म्हाईत न्हाई, याचा अर्थ आदेश वरून आलेला हाय." नोटीस त्यांनी हातात घेतली, अक्षर बघितलं, आणि मान डोलावली. "मसुदा चांगला हाय. जुन्या माणसाचा हात दिसतो." तो हात आपलाच, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. ते शिवमूर्तीच्या कानाशी आले. "आता काय करायचं?" शिवमूर्तीला तेच त्यांना विचारायचं होतं.

पाण्याच्या जागी पाचांहून जास्त माणसं जमायची नाहीत, असा हुकूम त्या उन्हाळ्यात शहरात लागू होता. त्यामुळं साडेदहाला हवालदार आले. घामानं थबथबलेले, मुकाट्यानं आपलं काम करणारे गृहस्थ. त्यांनी रांग बघितली आणि मोटारसायकल स्टँडला लावली.

"ही पयली घागर कुणाची?"

 हवालदार वाकले आणि कोरलेलं नाव वाचलं. "सौ. शिवगंगा. कोण हाय शिवगंगा?"

"मी हाय."

सगळी रांग वळली. कोपऱ्यावरून शिवगंगा येत होती. उदगीरची गाडी वेळेवर आली होती. खांद्याला मोठी पिशवी, कपाळावर विभूती, आणि पावलं घराकडं न वळता सरळ रांगेकडं. लातूरच्या बाईला रांग दिसली की ती आधी रांगेत जाते, मग विचारते कसली. ती येऊन आपल्या घागरीशेजारी उभी राहिली आणि पदर खोचला. शिवमूर्तीकडं तिनं एकदा बघितलं. दोन महिन्यांनी. तो कोरड्या दाढीनं, गालावर कापसाचे बोळे लावून उभा होता.

"बाई, टँकर येनार म्हणून कोणी सांगितलं तुमाला?"

"मला काय म्हाईत? मी आत्ता गाडीतून उतरले."

हवालदारांनी घागर तिरकी केली. आत कागद. "ऑर्डर हाय! ऑर्डर हाय!" अशी रांगेतून हाकाटी झाली. "वाचा साहेब, मोठ्यानं वाचा!" शिवमूर्ती पुढं झाला, "साहेब, ते खाजगी हाय," म्हणाला, पण नव्वद भांड्यांच्या मालकिणी एकदम बोलत असताना त्याचं कोण ऐकतं?

हवालदारांनी घसा साफ केला. "जावक क्रमांक पाच. विषय, आपल्या दीर्घ गैरहजेरीबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की आपण शिवरात्रीपासून विनापरवाना..." ते थांबले. अक्षर बदललं होतं. मग त्यांनी सावकाश, शब्द लावत वाचलं.

"शिवगंगा. ते वरलं शेषेरावांचं हाय, सोड. तू गेल्यापासनं घरात डाळ न्हाई, नुसती फुटकी चुरी उरली. मला करमत न्हाई. कागद घेऊन जाऊ नको, आन् तूबी जाऊ नको."

 शेषेरावांनी उगाच हात वर करून कपाळ पुसलं, तर बाहीतून बांगड्या वाजल्या. रांगेच्या शेवटून एक आवाज आला, "टँकर कवा येनार, ते लिव्हलंय का?"

हवालदारांनी कागद उलटा करून बघितला. "न्हाई," ते म्हणाले. "ह्यात नुसतं करमत न्हाई एवढंच हाय."

मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही. दोन बाया चिडल्या, चार हसल्या, एकीनं नवऱ्याला तिथल्या तिथं फोन लावून "बघा, लोकं कशी लिहितेत" असं सुनावलं. नागाबाई भांडं उचलता उचलता म्हणाल्या, "भाऊ, रोज मीठ मागून न्यायचाव ते ह्यापायीच व्हय?" हवालदारांनी चिठ्ठीची घडी घातली, पंचनाम्याला लावावी की काय असा क्षणभर विचार केला, आणि ती शिवगंगेच्या हातात दिली. "असलं घरातल्या घरात करत जावा," एवढं शिवमूर्तीला म्हणून ते निघून गेले. शिवमूर्ती मान खाली घालून उभा होता. डाळमिलमध्ये त्याच्या शब्दावर ट्रक परत जायचे, आणि इथं त्याच्या चार ओळी नव्वद भांड्यांपुढं वाचल्या गेल्या होत्या. जमीन दुभंगली तर बरं, असं त्याला वाटलं. जमीन तशी त्या साली जागोजागी दुभंगलेली होती, पण नेमकी तिथं नव्हती.

शिवगंगेनं रिकामी घागर कमरेवर घेतली. "चला घरी," ती म्हणाली.

घरात आल्यावर तिनं घागर खाली ठेवली, पिशवी ठेवली आणि पंख्याखाली बसली. शिवमूर्ती दाराशीच उभा राहिला. घराचे कागद त्यानं पिशवीत घालून बाजेवर काढून ठेवले होते, सांगितल्याप्रमाणं.

"करमत न्हाई व्हय?" ती म्हणाली.

त्यानं गालावरचा कापूस काढला.

"मंग रोज 'आलं, भरपूर आलं' काय म्हणत होताव?"

"तुला काळजी नको म्हणून."

"नागाबाई रोज मला फोन करती. टँकर येऊन अकरा दिवस झालेत." तिचा आवाज चढला आणि मधेच फुटला. "मी रोज कामून इचारत होते? मला काय पाण्याचं पडलं होतं? म्हनलं, आज तरी 'न्हाई आलं' म्हणतील. 'न्हाई जमत मला, तू ये' म्हणतील. रोज आपलं भरपूर, भरपूर! ह्या माणसाला आपली गरजच न्हाई, तर कशाला जायाचं? दादा म्हणला कागद आण, म्हनलं बरं, आणते."

 दोन महिने ती पलीकडून एकच गोष्ट मागत होती आणि तो तिला दुसरीच देत होता, हे शिवमूर्तीला आत्ता, उभ्या उभ्या कळलं. फार वाईट वाटलं. त्याला ते चेहऱ्यावर लपवताही आलं नाही.

शिवगंगेनं डोळे पुसले आणि पिशवीची चेन ओढली. त्यात साड्या असतील असं त्याला वाटलं होतं. पाच-पाच लिटरचे तेलाचे दोन कॅन निघाले. धुऊन साफ केलेले, आणि तोंडोतोंड पाण्यानं भरलेले.

"हे काय?"

"पाणी. उदगीरला तरी कुठं हाय? दादाच्या बोअरला दिवसाआड अर्धा तास येतं. आठ दिवस तांब्या-तांब्या काढून ठिवलं. आज लग्नाचा दिवस. म्हनलं, निदान आज तरी तुमी पोटभर आंघोळ करावं." तिनं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "कवा केलाव शेवटची?"

शिवमूर्तीनं सांगितलं नाही. तिनंही आग्रह धरला नाही.

मोरीत प्लास्टिकचा मोठा टब ठेवून तो त्यात बसला. खाली पडलेलं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्या उन्हाळ्यात सगळं लातूर असंच टबात बसून आंघोळ करत होतं. शिवगंगेनं तांब्यानं पाणी घातलं, सावकाश, एकेक. पाठ चोळली. "किती वाळलाव," म्हणाली. तिसऱ्या तांब्याला शिवमूर्ती रडायला लागला. तिनं चौथा तांब्या त्याच्या डोक्यावरून घातला.

चार वाजता गुरुलिंगचा फोन आला. शिवगंगा बाजेवर बसली होती आणि कागदांची पिशवी तिच्या मांडीला लागून होती.

"न्हाई दादा," ती म्हणाली. "कागद सापडून न्हाई राहिले. समदं घर हुडकलं... पाचच्या गाडीनं कसं होईल? हुडकावं लागतंय... किती दिवस ते आता काय सांगावं?... अव्वाला म्हणावं गुडघ्याला तेल लाव, वहिनी हाय तिच्याजवळ... हां, हायत, देते."

तिनं फोन शिवमूर्तीपुढं धरला, आणि स्वतः उठून मोरीकडं गेली.

"दाजी," गुरुलिंग म्हणाला, "असं कसं कागद सापडत न्हाईत? जिल्हा काय आपल्यासाठी थांबनार हाय? बरं, ऱ्हाऊ द्या तिला दोन दिवस. पाणी तर भरपूर येऊन राहिलं म्हणं तुमच्याकडं?"

"आलं" हा शब्द शिवमूर्तीच्या ओठावर आला होता. त्याला खोकला आला. खोकून झाल्यावर तो म्हणाला, "न्हाई. अकरा दिवस झाले, थेंब न्हाई. हितं पाणी न्हाई, काही न्हाई, गुरुलिंगअप्पा. पण तिला हितंच ऱ्हाऊ द्या. मला तिच्याबिगर करमत न्हाई."

पलीकडं मोंढ्यातल्या हमालांचा गलका ऐकू येत होता. गुरुलिंगनं कुणाला तरी पोती खाली ठेवायला सांगितलं. मग "बरं" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

शिवगंगा टबातलं पाणी बादलीत ओतत होती. शिवमूर्ती मोरीच्या उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला. तिनं वर बघितलं नाही.

"काय म्हणालाव दादाला?"

"ऐकलं की तू."

"न्हाई ऐकलं. पाण्याचा आवाज होता."

शिवमूर्तीनं परत सांगितलं. या वेळी त्याला खोकला आला नाही.